दुखण्याचा धनी कोण?

मनुष्याच्या वाट्याला येणारे दुखणे हे सर्वस्वी त्याच्याच संचिताचे फळ असते, की ज्याने त्याला विशिष्ट स्थळी आणि विशिष्ट काळी उभे केले त्याच्याही खाती त्या दुखण्याचा काही अंश नोंदवावा लागतो, हा प्रश्न आपल्याकडील दर्शनकारांनी इतक्या सूक्ष्मतेने आणि इतक्या वेळा चर्चिला आहे, की आता त्याचे स्थान ग्रंथालयाच्या वरच्या फडताळात असावे अशी कोणाही सुशिक्षित वाचकाची समजूत व्हावी. वस्तुस्थिती निराळी आहे. हा प्रश्न आजही सरकारी दफ्तरात, फितीने बांधलेल्या आणि क्रमांक पडलेल्या कागदांवर, निकालासाठी येत असतो. आणि ज्यांच्यापुढे तो येतो ते लेखाधिकारी, सैन्यातील वैद्य आणि न्यायाधिकरणाचे सदस्य असतात, ज्यांनी न्यायसूत्रे किंवा निकाय वाचलेले असावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते. सेवेत असताना शरीराने किंवा मनाने निकामी झालेला सैनिक अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मागतो. वैद्यकीय मंडळ त्याचा रोग सेवेमुळे जडलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही असा शेरा मारते. त्या शेऱ्याच्या आधारे त्याचा अर्ज नामंजूर होतो. आणि मग पहिले अपील, दुसरे अपील व शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण अशा पायऱ्या चढत तो मनुष्य वर्षानुवर्षे एकच गोष्ट विचारीत राहतो: माझ्या या दुखण्याचा धनी कोण?

हा विचार करण्यास धानोऱ्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. गडचिरोलीहून पूर्वेस, मुरूमगाववरून छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या तालुक्याने सरकारी हुकुमाने येथे आलेली आणि पुन्हा घरी न गेलेली पुष्कळ माणसे पाहिली आहेत. १ फेब्रुवारी २००९ रोजी मर्केगाव येथे १५ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी २१ मे रोजी हत्तीगोट्याच्या जंगलात १६ पोलीस पडले आणि त्यांत ५ स्त्रिया होत्या. २७ मार्च २०१२ रोजी पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस सुरुंगाने उडवण्यात आली आणि १२ जवान ठार झाले. अशा घटनांतून जे जखमी होऊन वाचतात त्यांच्या जखमेचे कारण कोणी विचारीत नाही. कारण जागेवर पंचनामा होतो, स्फोटाची वेळ लिहिली जाते, आणि तुटलेला पाय स्वतःच आपला दाखला असतो. परंतु याच अरण्यात दुसराही एक घातकी राहतो. राज्यातील हिवतापाच्या नकाशावर गडचिरोली जिल्हा वर्षानुवर्षे अग्रभागी राहिला आहे, धानोरा तालुका त्या जिल्ह्यातही विशेष ग्रस्त मानला जातो, आणि येथील तापांत फाल्सिपेरम या प्राणघातक जातीचे प्रमाण मोठे असते, जी जात कधी कधी मेंदूपर्यंत पोहोचते आणि ताप उतरल्यानंतरही मागे अपस्मारासारखी खूण ठेवून जाते. सुरुंग कोणी पुरला हे पंचनाम्यात येते. डास कोणी पाठवला हे कोणत्याच कागदावर येत नाही.

कल्पना करावी, की एक जवान धानोऱ्याच्या परिसरातील एखाद्या ठाण्यावर दोन पावसाळे काढतो, त्याला एकदा जबर ताप येतो, तो आठवडाभर भ्रमात राहतो, बरा होतो, आणि पुढे त्याची बदली राजस्थानात किंवा आसामात झाल्यावर, दोन अडीच वर्षांनी, संचलनाच्या वेळी त्याला आकडी येऊन तो कोसळतो. वैद्यकीय मंडळापुढे तो उभा राहतो तेव्हा त्याच्या ठिकाणी रोग आहे याविषयी कोणालाच शंका नसते. वाद असतो तो रोगाच्या उगमाविषयी. मंडळ लिहिते, की हा विकार प्रकृतिगत आहे. म्हणजे याच्या देहाच्या घडणीतच तो दडलेला होता आणि नोकरी केली नसती तरी तो याला गाठल्यावाचून राहिला नसता. या एका ओळीवर त्याच्या घराची पुढील तीस वर्षे ठरतात. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने राखीव पोलीस दलाचा जवान हा लष्करी सैनिक नव्हे. त्याला १९३९ च्या असाधारण निवृत्तिवेतन नियमांच्या परंपरेतील नियम लागू होतात आणि त्याची दाद लष्कराच्या न्यायाधिकरणात न लागता उच्च न्यायालयात, म्हणजे धानोऱ्यातील माणसाच्या दृष्टीने सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या नागपूर खंडपीठात, लागते. परंतु दोन्हीकडे कसोटीचे शब्द तेच आहेत: रोग सेवेमुळे जडला काय, अथवा सेवेमुळे बळावला काय.

आता मंडळाच्या त्या ओळीकडे किंचित निरखून पाहिले, तर तिच्यात एक अत्यंत जुना परिचय सापडतो. प्रकृतिगत विकार ही प्रारब्धाचीच लौकिक आवृत्ती आहे. पूर्वी एखाद्याचे अंग लुळे पडले की गावातील वडीलधारे म्हणत, की भोग आहेत, भोगून सुटले पाहिजे. आता तेच वाक्य वैद्यकाच्या परिभाषेत, शिक्क्यासह, लिहून मिळते. दोन्ही वाक्यांची रचना एक आहे: दुःखाचे कारण दुःखिताच्या ठायीच आहे, ते बाहेरच्या कोणालाही दिसणारे नाही, ते खोडून काढण्याचा मार्ग नाही, आणि म्हणून बाहेरचा कोणीही त्याचा देणेकरी नाही. कर्मविपाकाचा सिद्धांत मी टाकाऊ मानीत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे, आणि या योजनेतच पुष्कळ शहाणपण आहे, कारण ज्याने स्वतःच्या दुःखाकडे कर्मफळ म्हणून पाहिले त्याला सहनशक्ती लाभते आणि पुढचे कर्म करण्याचा अधिकारही शाबूत राहतो. परंतु हा सिद्धांत प्रथमपुरुषी आहे. ज्याचे दुखणे त्याने तो स्वतःशी उच्चारावा; देणेकऱ्याने तो सावकारापुढे उच्चारला म्हणजे तत्त्वज्ञान संपते आणि बुडवेगिरी सुरू होते.

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या एका परिव्राजकाचे सुत्त आहे, आणि वैद्यकीय मंडळांच्या सभासदांनी नेमणुकीपूर्वी ते एकदा वाचावे असे मला मनापासून वाटते. राजगृहाच्या वेळुवनात सीवक बुद्धाला विचारतो, की मनुष्य जे जे सुख, दुःख किंवा उदासीनता अनुभवतो ते सर्व पूर्वकृताचेच फळ आहे असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, तर यावर आपले मत काय? बुद्धाचे उत्तर एखाद्या दक्ष चिकित्सकाला शोभेल असे आहे. काही वेदना पित्तापासून उपजतात, काही कफापासून, काही वातापासून, काही तिहींच्या सन्निपातापासून. काही ऋतूच्या पालटापासून उपजतात, काही विषम राहणीपासून, काही दुसऱ्याने केलेल्या आघातापासून. आणि काही, केवळ काही, कर्मविपाकापासून. ही गोष्ट मनुष्याला स्वतःच्या अनुभवाने कळते आणि जगही ती सत्य मानते. तेव्हा सर्व वेदना पूर्वकर्माच्याच माथी मारणारे लोक अनुभव आणि लोकमान्य सत्य या दोहोंना सोडून धावतात, असा त्याचा निर्णय आहे. आठ कारणांच्या या यादीत धानोऱ्याच्या जवानाच्या बाबतीत तीन तरी कारणे थेट लागू पडतात: अरण्यातील ऋतू, ठाण्यावरील विषम राहणी आणि सुरुंगाचा आघात. बुद्धाने आठवे कारण नाकारले नाही, एवढेच की ते पहिले म्हणून घेतले नाही. मंडळाच्या शेऱ्यात मात्र ते पहिले असते आणि पुष्कळदा एकटेच असते.

या भागात तर हे सुत्त परके वाटण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्यास आले आणि तेथेही सहस्रावधी लोकांनी दीक्षा घेतली. धानोरा त्या वेळी चांदा जिल्ह्यातच होते, कारण गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो पुढे १९८२ साली. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांच्या परस्परविसंगतीचा प्रश्न उभा केलेला आहे, आणि पूर्वजन्मीच्या कर्माच्या नावाने वर्तमान दुःखाची जबाबदारी समाजाने झटकावी याला त्यांचा विरोध होता. जातीच्या दुःखाविषयी जे त्यांनी म्हटले ते रोगाच्या दुःखालाही लागू आहे, असे म्हणण्यात मला अतिव्याप्ती दिसत नाही.

कारण कशास म्हणावे याचा ऊहापोह आपल्या नैयायिकांनी जसा केला तसा क्वचितच कोणी केला असेल. कार्याच्या पूर्वी जे नियमाने असते आणि जे अन्यथासिद्ध नसते, ते कारण. घट होण्यापूर्वी कुंभाराचा दंड असतो, चाक असते, माती असते. परंतु दंडाचा रंगही असतो, ज्या गाढवावरून माती आली ते गाढवही असते, आणि कुंभाराचा बापही कधी काळी असतो. यांतील दंड हे कारण होय, परंतु दंडाचा रंग, गाढव आणि कुंभाराचा बाप हे अन्यथासिद्ध, म्हणजे असून नसल्यासारखे. अपिलात सरकारपक्षाचा सारा युक्तिवाद वस्तुतः एवढाच असतो, की सेवा ही या रोगाच्या बाबतीत गाढवासारखी आहे: ती पूर्वी होती हे कबूल, परंतु तिच्यावाचूनही घट झालाच असता. आणि हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. मधुमेह सैनिकालाही होतो आणि सराफालाही होतो. सराफाला कोणी निवृत्तिवेतन देत नाही.

येथेच धानोरा एक फार अवघड प्रश्न पुढे टाकतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या डासाने जवानाला दंश केला, त्याच डासाने ठाण्यापलीकडच्या टोल्यावरील गोंड शेतकऱ्यालाही दंश केला. ताप एक, ऋतू एक, अरण्य एक. जवानाला निवृत्तिवेतन मिळावे असे आपण म्हणतो, मग शेतकऱ्याला काय? जर हिवताप हा त्या भूमीचाच धर्म असेल, तर तो सेवेचा परिणाम कसा? माझ्या मते याचे उत्तर डासात नाही, तापातही नाही. ते हुकुमात आहे. शेतकरी त्या भूमीवर आपल्या हक्काने आणि आपल्या पूर्वजांच्या वहिवाटीने उभा आहे. जवान तेथे कोणाच्या तरी लेखी आज्ञेने उभा आहे, जी आज्ञा मोडणे हा त्याच्यासाठी गुन्हा होता. रोगाच्या उत्पत्तीतील साधारण कारणे दोघांनाही समान असली, तरी जवानाच्या बाबतीत एक असाधारण कारण जास्तीचे आहे, आणि ते कारण सरकारच्या सहीचे आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, विविध करणे, नाना चेष्टा आणि पाचवे दैव, आणि लगेच पुढे असेही म्हटले आहे, की असे असता जो केवळ आत्म्यालाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय. केवळ देहालाच रोगाचा कर्ता मानणाऱ्या शेऱ्याविषयी याहून वेगळे काय म्हणावे? अधिष्ठान, म्हणजे ज्या जागी हे सर्व घडले ती जागा, त्याने स्वतः निवडलेली नव्हती. शेतकऱ्याचे देणे यामुळे फिटत नाही, हे उघड आहे. त्याचे देणे निराळ्या खात्यावर, रस्त्यांच्या, दवाखान्यांच्या आणि फवारणीच्या खात्यावर आहे, आणि ते फार दिवसांचे थकलेले आहे.

कायद्याने हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे, कारण कायदा येथे तत्त्वज्ञानापेक्षा अधिक नम्र झाला. लष्कराच्या १९८२ च्या अर्हता-नियमांनी असे गृहीत धरले, की भरतीच्या वेळी ज्या विकाराची नोंद झाली नाही, तो विकार त्या वेळी मनुष्याच्या ठायी नव्हता. पुढे वैद्यकीय कारणाने त्याला सोडावे लागले तर प्रकृतीचा झालेला ऱ्हास सेवेमुळे झाला. पुरावा देण्याचा भार अर्जदारावर नाही. आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा अर्जदाराला. धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांचा अर्थ निःसंदिग्ध केला. तो शिपाई १९८५ साली सिग्नल्स कोअरमध्ये दाखल झाला होता आणि १९९४ साली अपस्माराच्या विकाराने, २० टक्के अपंगत्व ठरवून, त्याला सेवेतून मोकळे करण्यात आले होते. मंडळाचा शेरा तोच होता, प्रकृतिगत विकार. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तो कायम केला. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नव्हती, आणि तेव्हा तो ओळखता का आला नसता याची कारणे मंडळाने लिहिलेली नव्हती. एवढ्यावर निकाल उभा राहिला. त्या शिपायाला अपस्मार कशाने झाला, हे न्यायालयाला कळले होते काय? नव्हते. कोणालाच कळले नव्हते. न्यायालयाने अपस्माराचे कारण शोधून काढले नाही. त्या कारणाविषयीच्या अज्ञानाचे ओझे कोणी वाहावे, एवढेच ठरवले.

मला या विषयातील मर्म येथे वाटते. न्यायदर्शनाने ज्या सोळा पदार्थांची गणना केली, त्यांत संशय आणि निर्णय हे दोन्ही स्वतंत्र पदार्थ आहेत. दर्शनकाराला संशय फिटेपर्यंत निर्णय थांबवता येतो, आणि तो तसा थांबवणे हे त्याचे भूषण आहे. न्यायाधिकरणाला ही चैन नाही. त्याच्यापुढचा मनुष्य मध्यंतरी म्हातारा होत असतो, त्याच्या मुलीचे लग्न ठरत असते, कित्येकदा तो निकालापूर्वी मरतो आणि त्याची बायको वारस म्हणून रुजू होते. संशय न फिटता निर्णय द्यावयाचा असेल, तर ज्ञानाची बाजू संपली आणि धर्माची बाजू सुरू झाली असे समजावे. आणि धर्माची बाजू अशी, की ज्याने पाठवले आणि ज्याच्याजवळ दफ्तर, वैद्य व कोष आहे, त्याने न कळलेल्याचा भार उचलावा, ज्याला पाठवले त्याच्या डोक्यावर तो ठेवू नये.

धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर मेंढा हे गाव आहे, ज्याला लेखा या शेजारगावाच्या नावासह मेंढा-लेखा म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. तेथील ग्रामसभेत बहुमताने निकाल होत नाही, सर्वसहमतीने होतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे तेथील अभ्यास गट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून रुजलेल्या या प्रथेत अभ्यास गट माहिती गोळा करतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावतो, वाद घालतो, परंतु निर्णय घेत नाही, निर्णय ग्रामसभेचा. जाणणे आणि ठरवणे या दोन क्रिया तेथे बुद्धिपुरस्सर अलग ठेवल्या आहेत. अपंगत्वाच्या दाव्यांत नेमका याच ठिकाणी घोटाळा होतो. वैद्यकीय मंडळ हा अभ्यास गट आहे. रोग कोणता, किती, कोणत्या अवस्थेत, हे त्याने सांगावे, आणि तेथे त्याचा अधिकार मोठा आहे. परंतु त्याच्या शेऱ्यातील अर्धे वाक्य निदान असते आणि अर्धे निवाडा असतो, आणि निवाड्याचा अर्धा भाग निदानाच्या अंगरख्यात लपून वरच्या कार्यालयात बिनविरोध मान्य होतो. आपण वैद्याचे मत स्वीकारले असे लेखाधिकारी म्हणतो, आपण केवळ मत दिले असे वैद्य म्हणतो, आणि निकाल कोणीच दिलेला नसताना माणसाचा अर्ज मात्र निकालात निघालेला असतो.

सशस्त्र दलांचे निवृत्तिवेतन पाहणारे मोठे लेखा कार्यालय प्रयागराजला ज्या भागात आहे, त्याचे नाव द्रौपदी घाट आहे, हा निव्वळ योगायोग; परंतु महाभारत वाचलेल्या माणसाला तो विसरता येत नाही. द्रौपदीने कुरुसभेत जो प्रश्न विचारला तो दयेचा नव्हता, कायद्याचा होता: जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून वेळ मारून नेली. विदुराने मात्र सभेला बजावले, की सभेत बसलेला जाणता मनुष्य विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, तेव्हा असत्य बोलण्याच्या पापाचा अर्धा वाटा त्याच्याकडे येतो. कारणे न लिहिता मारलेला शेरा हे भीष्माचे उत्तर आहे. २०२५ च्या मे महिन्यातही सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावे लागले, की मंडळाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत. एवढी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, यावरून शिरस्ता किती चिवट असतो हे दिसते.

हे देणे कृपेचे की ऋणाचे, हा वाद मात्र मला तितकासा अवघड वाटत नाही, कारण आपल्या परंपरेने तो फार पूर्वी निकालात काढला आहे. सभापर्वात नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराचे प्रश्न विचारतो, त्यांत एक असा आहे, की तुझ्यासाठी जे मेले आणि तुझ्यासाठी जे संकटात पडले, त्यांच्या स्त्रियांचे तू भरणपोषण करतोस ना? हा प्रश्न दानधर्माच्या यादीत नाही; तो सैन्य, कोष आणि दुर्ग यांच्या पंक्तीला बसवलेला आहे. कामावर असताना मेलेल्यांच्या मुलांना व बायकांना भक्तवेतन मिळावे असे कौटिल्य सांगतो. मराठेशाहीच्या दफ्तरांत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलांसाठी बालपरवेशीची नेमणूक होत असे. आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, असे निक्षून सांगितले. तरीही अर्जदाराला वागवण्याची पद्धत पाहावी, तर तो अद्याप देवळाच्या पायरीवर बसल्यासारखाच वाटतो. ज्याला आयुष्यभर छाती काढून उभे राहण्याची शिस्त लावली, त्याने आपले मोडलेपण वर्षानुवर्षे नव्या नव्या मेजांपुढे मांडावे, आणि ते पुरेसे मोडलेले आहे काय याची तपासणी करून घ्यावी, यातील मानहानी कोणत्याही टक्केवारीत बसत नाही.

टक्केवारीविषयी थोडक्यात. २० टक्क्यांखाली सामान्यतः अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाही. आणि १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानंतर ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० धरण्याचा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळू लागला. म्हणजे १९ आणि २० यांच्यामधील अंतर एकाच्या दृष्टीने शून्य आणि दुसऱ्याच्या दृष्टीने निम्मे आयुष्य आहे. देहाचे मोजमाप असे करावेच लागते हे मी मान्य करतो. त्या मोजमापाला सत्य समजू नये एवढेच.

कोषाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तो कोष बांबू तोडणाऱ्या आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्या माणसाच्याही पैशाने भरतो. संशयाचा फायदा हा हक्क झाला, की त्याचा व्यापार करणारेही निघतात. सेवेच्या शेवटच्या वर्षी रक्तदाब शोधून काढणाऱ्यांच्या गोष्टी लष्कराच्या वर्तुळात हसत हसत सांगितल्या जातात, आणि त्या साऱ्याच खोट्या असतील असे मी म्हणणार नाही. २००८ च्या आणि नंतर २१ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी हात अधिक आखडता घेतला आहे, आणि रोग सेवाकाळात प्रकट झाला एवढ्यावरून तो सेवेचा ठरत नाही हे तत्त्व पुढे आणले आहे. रजेवर घरी असताना, सेवेशी काडीचा संबंध नसलेल्या कामात झालेला अपघात सेवेच्या माथी मारू नये, असे न्यायालयांनीही पूर्वीपासून म्हटले आहे, आणि ते मला न्याय्य वाटते. तेथे हुकूम नसतो. परंतु लबाडाला रोखण्याचा मार्ग शेऱ्यातील कारणे अधिक काळजीने लिहिण्याचा आहे. सरसकट नाही म्हणण्याने लबाड मनुष्य वकील गाठून वर चढतो, आणि ज्याला द्यावयाचे होते तो पहिल्याच पायरीवरून घरी परततो. न्यायाधिकरणाच्या प्रत्येक खंडपीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य बसतो, आणि हा दुसरा बहुधा उच्च पदावरून निवृत्त झालेला सेनाधिकारी असतो. ज्याने आयुष्यभर हुकूम दिले, त्यालाच हुकुमाची किंमत ठरवण्यास बसवावे, ही योजना कोणाला विसंगत वाटेल, मला ती योग्य वाटते. हुकुमाने माणूस कोठवर जातो हे त्याच्याइतके कोण जाणतो?

चांदा आणि गडचिरोलीच्या मुलखातील जे तरुण सैन्यात, राखीव दलात किंवा पोलिसांत आहेत, त्यांच्या घरच्यांना उद्देशून एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. ताप आला, मार लागला, झोप उडाली, तर त्याच दिवशी त्याची नोंद करून घ्यावी. ठाण्यावरील वैद्याची चिठ्ठी, ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, रक्त तपासणीचा निकाल आणि बदलीचे हुकूम एका पिशवीत घरी ठेवावेत, आणि त्यांच्या छायाप्रती दुसऱ्या जागी ठेवाव्यात. पहिला अर्ज फेटाळल्याचे पत्र आले तर ते नशिबाचे पत्र समजून पेटीत टाकू नये. त्याच्यावर तारीख असते, आणि अपिलाची मुदत त्या तारखेपासून चालू होते.